अंडं फिरवायचं नाही! : लेपर्ड गेकोची पिल्लं

मागच्या भागात मी माझ्या लेपर्ड गेकोबद्दल, म्हणजे जिलेबीबद्दल बोलले, तर तुमचा एकच प्रश्न: पिल्लं कशी काढायची? सांगते. पण आधी माझा घोळ ऐका.

मी ऑस्टिनला राहते. इथे गेको पाळणारे भरपूर. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, पाल पाळलीस? आपल्या ट्यूबलाइटमागे कमी होत्या का?" आहे ती पालीचीच नातेवाईक, पण हिला पापण्या असतात आणि बोटं चिकट नसल्यामुळे भिंतीवर चढता येत नाही. घरातल्या पालीची अंडी टणक, हिची मऊ, चामड्यासारखी. एका वेळी बहुतेक दोनच.

मित्राचा नर थोडे दिवस आणला होता. पहिली दोन अंडी आली आणि मी कोंबडीचा हिशोब लावला. कोंबडी अंडी उलटवते ना, मग मीही रोज उलटवली. कोंबडीच्या अंड्यात गर्भ कवचाला चिकटू नये म्हणून ते फिरवावं लागतं. गेकोचं बरोबर उलटं! इथे गर्भ साधारण पहिल्या दिवसभरात वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि तिथेच वाढतो. नंतर अंडं पालथं झालं तर तो मरू शकतो. मोबाइलच्या टॉर्चवर जिवंत अंडं गुलाबी दिसतं, आत लाल शिरा असतात. माझ्या दोन्ही अंड्यांत त्या आधी दिसल्या होत्या. मग अंडी पिवळी पडली, बुरशी आली.

दुसऱ्या वेळी अंडी होती तशीच उचलली, वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण केली आणि ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धी पुरली. ओल किती? मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकायला नको, एवढीच.

आता भारी गोष्ट. नर की मादी, हे इन्क्युबेटरचं तापमान ठरवतं. 27 अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक माद्या, 32-33 ला बहुतेक नर, आणि 35 कडे गेलं की परत माद्या! अशी कंडिशन कोणी कोडमध्ये लिहिली असती तर मी रिव्ह्यूतच परत पाठवली असती. मी 28 ठेवलं. 59 व्या दिवशी दोन्ही पिल्लं बाहेर. माद्या असाव्यात, पण खात्रीने कळायला काही महिने जातात.

खरी काळजी पिल्लांची नाही, आईची. ती नराचं बीज साठवून ठेवते, त्यामुळे नर परत गेला तरी अंडी येत राहतात. कवचासाठी कॅल्शियम तिच्या शरीरातून जातं. खाण्यातून भरून निघालं नाही तर हाडांतून. जिलेबीची जाडजूड शेपटी, जिथे ती चरबी साठवते, ती दोन महिन्यांत बारीक झाली. मी किड्यांवर कॅल्शियमची पावडर टाकत होते, तरीही.

तिसरी जोडी आली तेव्हा ती त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवली. वाईट वाटलं, पण त्या पिल्लांना द्यायला माझ्याकडे घर नव्हतं. पहिल्या दोघींपैकी एकीला अजून मिळालेलं नाही, ती माझ्याच टेबलावर आहे.