युद्धातलं कार्टून आणि खाडीत फेकलेला नारळ

आज सुरुवात आमच्या जेसल पार्कपासून. इथल्या चौपाटीजवळच भाईंदर खाडीवरचा रेल्वे पूल आहे. लोकलच्या दारातून कुणीतरी निर्माल्याची पिशवी नाहीतर नारळ फेकतं. त्याला वाटतं, आपण सरळ बाजूला फेकला. पण गाडीचा वेग नारळालाही मिळालेला असतो, त्यामुळे तो पुढे सरकत सरकत खाली येतो.

आता लोकलच्या जागी बॉम्बफेकी विमान ठेवा आणि नारळाच्या जागी गोळी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बरच्या खिडकीतून मशीनगन चालवणाऱ्या पोरांची इथेच गडबड व्हायची. उडत्या पाखराच्या पुढे नेम धरायचा, ही जमिनीवरची सवय. पण इथे गोळी आपल्या विमानाच्या वेगाने आपसूक पुढे जाते. म्हणून वळण घेत अंगावर येणाऱ्या शत्रूच्या विमानावर थेट नेम न धरता, थोडा आपल्याच शेपटीकडे धरायचा. मनाला पटत नाही ना? त्यांनाही पटत नव्हतं. आणि चुकलं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

मग अमेरिकन हवाई दलाच्या फर्स्ट मोशन पिक्चर युनिटने 1944 मध्ये ‘पोझिशन फायरिंग’ ही कार्टून फिल्म काढली. हिरो कोण? धांदरट ट्रिगर जो. कॅमेऱ्याला गोळीची वाट दिसत नाही. चित्रात ती रेघ मारून, हळू करून, वरून बघत दाखवता येते. शिवाय चुकतो तो जो, त्यामुळे शिकणारा हसतो आणि शिकतो.

वैमानिकांसाठीही हेच. डिस्नेने अमेरिकन नौदलासाठी धुकं, वादळी ढग, पंखांवर साचणारा बर्फ यांवर फिल्म केल्या. ढगाच्या पोटात हवा कशी वर-खाली धावते, हे आत शिरण्याआधीच कळलेलं बरं!

या डिस्नेतलेच एक कलाकार, क्लेअर वीक्स, 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी आपल्या मुलांना ॲनिमेशन शिकवलं. त्यांतलेच एक राम मोहन.

जाता जाता एक सांगतो. पुलावरून चालत जाणाऱ्या पाणजू बेटावरच्या लोकांना अशा फेकलेल्या नारळांनी जखमा झाल्यात. तुम्हाला नारळ पाण्यात पडताना दिसतो, पण त्याची खरी वाट दिसत नाही. तेव्हा निर्माल्य कलशातच टाका. भेटू पुढच्या भागात!