फूल वाहण्यापूर्वी फूल पाहावे

दीपावलीचे मंगल पर्व आले, की शाळांना सुट्टी लागते आणि घरोघरी एक गोड अडचण उभी राहते. वडीलधारी मंडळी फराळ, साफसफाई आणि खरेदी यांच्या व्यापात गुंतलेली असतात. मुलांच्या हाताला मात्र काम नसते. किल्ला करावा म्हटले, तर अंगण कुठे आहे? मग ती बिचारी फटाक्यांच्या, नाही तर पडद्यावरील हलत्या चित्रांच्या नादी लागतात आणि पाहता पाहता सुट्टी सरून जाते. अशा मुलांसाठी, आणि खरे म्हणजे त्यांच्या आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठीही, एक साधे व्रत येथे सुचवावयाचे आहे. दररोज एक फूल घ्यावे, ते जलरंगांत रेखावे, आणि मग देवापुढे त्याची सुंदर मांडणी करावी.

हे व्रत बागबगीचा असलेल्यांसाठीच आहे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या पूर्व उपनगरांत, देवनार-गोवंडीकडील वसाहतींत कीर्तनानिमित्त जाणे होते, तेव्हा तेथील इमारतींच्या गॅलऱ्या मी कौतुकाने पाहतो. जाळीच्या आत चार कुंड्या असतात. एकीत तुळस, एकीत जास्वंद, एकीत सदाफुली, आणि चौथीतून जाळीवर चढलेला गोकर्णीचा वेल. चार कुंड्यांची ही बाग आपल्या व्रतास पुरेशी आहे. देवनारचे नाव पुढे आणखी एका कारणाने घ्यावे लागणार आहे. त्याकडे यथावकाश येऊ.

कोणी म्हणेल, चित्रे काढणे हा विरंगुळा झाला, त्यात धर्म तो कोणता? त्यांनी श्रीमद्भागवताचा दशम स्कंध आठवावा. उज्जयिनीस सांदीपनींच्या आश्रमात राम-कृष्णांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या, अशी कथा तेथे आहे. त्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘आलेख्य’ म्हणजे चित्र रेखणे आहे. तांदूळ आणि फुले यांची देवापुढे नाना प्रकारे रचना करणे आहे. फुलांच्या शय्या पसरणे आहे. आणि माळा गुंफण्याच्या निरनिराळ्या तऱ्हाही आहेत. ज्या हातांनी गोवर्धन उचलला, त्या हातांना कुंचला धरणे आणि फुले रचणे उणेपणाचे वाटले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडविण्याची विद्या विचारतो, तेव्हा ऋषी त्यास सांगतात, की चित्रविद्या जाणल्यावाचून मूर्तिविद्या कळावयाची नाही. भगवंताचे रूप पाहावयाचे, तर आधी डोळ्यांना पाहण्याची शिस्त लागली पाहिजे, असा त्याचा भावार्थ आहे.

ही शिस्त कशी लावावी? वात्स्यायनाच्या ग्रंथावर ‘जयमंगला’ टीका लिहिणाऱ्या यशोधराने चित्रकलेची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. नावे भारदस्त आहेत. पण एक जास्वंदीचे फूल पुढ्यात ठेवले, तर दहा वर्षांच्या मुलालाही ती उमगतात.

रूपभेद म्हणजे एका वस्तूचे दुसरीहून वेगळेपण ओळखणे. जास्वंदीच्या पाच पाकळ्या मोजाव्यात. मधून निघणारा लांब दांडा, त्यावरचे पिवळे परागकोश आणि टोकाशी असलेले पाच इवलेसे गोंडे पाहावेत. मग झेंडू हाती घ्यावा. ज्यास आपण एक फूल म्हणतो, ते वस्तुतः शेकडो लहान फुलांचे संमेलन आहे. त्याची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र पुष्प होय. शेवंतीचेही तसेच. वर्षानुवर्षे दाराला झेंडूचे तोरण बांधणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? प्रमाण म्हणजे दांडा पाकळीच्या किती पट लांब आहे, याचे भान. भाव म्हणजे सकाळी टवटवीत असलेली जास्वंद सायंकाळी मिटू लागते, तो फरक. सादृश्य आणि लावण्य ही सरावाने साधतात. आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगांचे मिश्रण, ही तर मुलांच्या आनंदाची पर्वणी! गोकर्णीची निळी फुले पाण्यात चुरून त्यात लिंबाचे दोन थेंब टाकले, की निळ्याचा जांभळा होतो. हळदीत चुना मिसळला, की लाल रंग येतो. पारिजातकाच्या केशरी देठांनी पूर्वी वस्त्रे रंगवीत. देव्हाऱ्याभोवतीच रंगशाळा उभी आहे.

साहित्यही फारसे लागत नाही. जाड कागद, रंगांची एक लहान पेटी, दोन कुंचले आणि पाण्याच्या दोन वाट्या पुरेत. एक वाटी कुंचला धुण्यास आणि दुसरी स्वच्छ पाण्यासाठी. जलरंगांचा एक नियम मात्र मुलांना प्रथम सांगावा. या चित्रांत पांढरा रंग सहसा लावीत नाहीत. तो राखावा लागतो. कागदाचा जो भाग कोरा सोडला, तोच प्रकाश होतो. एकदा तेथे रंग लागला, की ती शुभ्रता पुन्हा पुरती परत येत नाही. म्हणून तगरीचे फूल रेखावयाचे, तर फूल न रंगविता त्याच्या मागची हिरवी पाने रंगवावी लागतात. मग कोऱ्या कागदातून तगर आपोआप उमलून येते. संयमाचा याहून सोपा पाठ कोणत्या पुस्तकात मिळेल?

या संदर्भात सावंतवाडीचे सुपुत्र, चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे स्मरण दिवाळीत तरी व्हावयास हवे. १८८२ साली जन्मलेल्या या कलावंताने १९४५-४६ च्या सुमारास हाती समई घेतलेल्या एका स्त्रीचे चित्र रंगविले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते जगभर ओळखले जाते आणि म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आजही पाहावयास मिळते. त्यासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांतून पाझरणारा तो प्रकाश पाहून अनेकांना हे तैलचित्र वाटते. परंतु ते जलरंगांतील आहे. घरातील लेकीच्या हाती सणाच्या दिवशी दिवा द्यावा आणि डोळे भरून तिच्याकडे पाहावे, एवढ्यातून ते अमर चित्र जन्मास आले.

चित्र झाले, की मांडणी. पितळी तबकात किंवा पाणी भरलेल्या घंगाळात दोन-चार फुले आणि एखादे पान ठेवावे. येथे आपल्या अंगवळणी पडलेली एक गोष्ट सोडावी लागते. देव झाकून जाईल इतकी फुले वाहणे, यास आपण भक्ती समजू लागलो आहोत. जपानातील क्योतो नगरीत रोक्काकुदो नावाचे मंदिर आहे. तेथील पुजाऱ्यांच्या इकेनोबो परंपरेत बुद्धमूर्तीपुढे फुले ठेवता ठेवता पुष्परचनेची एक स्वतंत्र कला घडली. त्या परंपरेतील सेनकेई यांच्या रचनेचा उल्लेख १४६२ सालचा आहे. भारतातून तेथवर पोहोचलेल्या बुद्धपूजेत एखादी डहाळी आणि एखादे फूलही पुरेसे ठरले. मात्र ते कोठे आणि कसे ठेवावे, याचा विचार आयुष्यभर केला गेला.

आपल्याकडे तरी निराळे काय सांगितले आहे? गीतेच्या नवव्या अध्यायात भगवान पान, फूल, फळ आणि पाणी मागतात. मूळ संस्कृतात हे चारही शब्द एकवचनी आहेत. ते जातिवाचक एकवचन आहे, असा निर्वाह व्याकरणाने करता येईल. परंतु भक्ताने ते एकवचन शब्दशः घेतले, तर त्यात बिघडले काय? आपली मराठी भाषाही ‘फूल ना फुलाची पाकळी’ असेच म्हणते.

मग विष्णूने शंकरास सहस्र कमळे का वाहिली, असा प्रश्न कोणी चाणाक्ष श्रोता विचारील. तेच आख्यान आता पाहू. कार्तिक शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीस, काशीत विष्णूने विश्वेश्वराची सहस्र कमळांनी पूजा मांडली. परीक्षा पाहण्यासाठी शिवाने त्यांतील एक कमळ लपविले. अखेरीस एक कमळ उणे पडले, तेव्हा कमलनयन विष्णूने आपला नेत्रच काढून वाहिला आणि प्रसन्न झालेल्या शिवाने त्यास सुदर्शन चक्र दिले. कीर्तनात आपण या नेत्रदानापाशी गहिवरतो. पण थोडे अलीकडे थांबावे. हजारांत एक फूल कमी आहे, हे विष्णूस समजले कसे? प्रत्येक कमळ त्याने हाती घेतले होते, पाहिले होते, नाम घेऊन वाहिले होते, म्हणून समजले. आपण दादरच्या मीनाताई ठाकरे फुलमंडईतून किलोवर झेंडू आणतो; त्यांतील शंभर फुले कोणी काढून घेतली, तरी आपणास कळेल का? पूजा मोठी की लहान, हे संख्येवरून ठरत नाही. उणे पडलेले एक फूल ज्याच्या ध्यानी येते, त्याची पूजा मोठी.

ज्या शिवमहिम्न स्तोत्रात हा सहस्र कमळांचा प्रसंग आला आहे, त्याच्या कर्त्याची कथाही फुलांचीच आहे. पुष्पदंत नावाचा गंधर्व अदृश्य होऊन एका राजाच्या उद्यानातील फुले शिवपूजेसाठी चोरून नेत असे. चोर सापडेना, तेव्हा राजाने वाटेवर शिवाचे निर्माल्य पसरून ठेवले. पुष्पदंताचा पाय त्यावर पडला आणि त्याची सिद्धी नाहीशी झाली. पुढे त्याने शिवाची स्तुती गाईली, तेव्हा ती त्यास परत मिळाली. परंपरेने या कथेतून दोन दंडक घेतले : दुसऱ्याची फुले न विचारता तोडू नयेत, आणि देवावरून उतरलेल्या फुलावर पाय पडू देऊ नये.

आता देवनारकडे वळू. मुंबई शहराचा कचरा १९२७ सालापासून देवनारच्या क्षेपणभूमीवर येऊन पडत आला. अलीकडच्या काळात त्यातील मोठा भाग कांजुरमार्गला जाऊ लागला असला, तरी जवळजवळ शंभर वर्षांचा तो साठा काही एका दिवसात साचलेला नाही. त्यात भाजीची देठे आहेत, चिंध्या आहेत, आणि आपल्या देव्हाऱ्यांतून उतरलेली फुलेही आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळून दिलेली. असा ओला कचरा हवेवाचून दडपून कुजला, की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता आणि आसपासच्या काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पुष्पदंताचा पाय निर्माल्यावर नकळत पडला. आपण मात्र सकाळी मस्तकी धरलेले फूल सायंकाळी जाणूनबुजून अशा ठिकाणी पाठवितो, जेथे कचरा वेचून पोट भरणाऱ्या माणसाला त्यावरून चालावेच लागते. यात दोष त्या चालणाऱ्याचा नव्हे. देवनारमधील एखाद्या मुलाचा श्वास कोंडत असेल, तर आपल्या पूजेची सांगता झाली, असे कसे म्हणावे?

उपाय आपल्या हाती आहे आणि तो या व्रतातच सामावलेला आहे. जे फूल तासभर निरखून रेखले, ते कचऱ्यात टाकण्यास मूल धजत नाही. मोठ्यांनाही ते टाकू देत नाही. मांडणी सुकली, की दोरे, पिशव्या आणि चमकीचे कागद वेगळे करावेत. फुले जाळीजवळच्या रिकाम्या कुंडीत मातीच्या थराखाली घालावीत. काही आठवड्यांत त्यांची माती होते आणि तीच तुळशीला घालता येते. झाडाच्या मुळाशी निर्माल्य ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फुले अधिक असतील, तर महापालिकेच्या निर्माल्य कलशात द्यावीत. झेंडूची काही फुले मात्र पूर्ण वाळू द्यावीत. त्यांच्या पाकळ्यांच्या मुळाशी काळ्या काड्यांसारखे बी असते. ते जपून ठेवून पावसाळ्याच्या तोंडाशी पेरावे, म्हणजे दसऱ्या-दिवाळीचे तोरण घरच्या कुंडीतून निघेल. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथेही नोव्हेंबरच्या आरंभी लोक पितरांच्या स्मरणार्थ याच फुलांनी वाटा सजवितात. समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्याला आपल्या देवांनी कधी परके मानले नाही.

वसुबारसेला गोकर्ण, धनत्रयोदशीला झेंडू, नरकचतुर्दशीला जास्वंद, लक्ष्मीपूजनाला कमळ, पाडव्याला शेवंती आणि भाऊबीजेला सदाफुली, असा क्रम धरता येईल. सुट्टी उरली, तर वैकुंठ चतुर्दशीस बेल आणि तुळस रेखावी. त्या रात्री शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहण्याची प्रथा आहे; हरिहरांचे ऐक्य दोन पानांच्या चित्रांतून मुलांच्या मनात उतरेल. बहिणीने भावाला स्वतः रेखलेले फूल द्यावे. भावाने ते जपावे. ती ओवाळणी कोमेजावयाची नाही.

ज्यांना फूलही मिळत नाही, त्यांच्यासाठी शास्त्राने मानसपूजा सांगितली आहे. आणि अहिंसा, इंद्रियनिग्रह, भूतदया, क्षमा, शांती, तप, ध्यान व सत्य ही आठ फुले विष्णूस प्रिय आहेत, असेही म्हटले आहे. त्यांतील ध्यानाचे फूल कुंचल्याच्या टोकावर उमलते आणि भूतदयेचे फूल निर्माल्य सांभाळताना. या दीपोत्सवात वाचकांच्या घरी ही दोन्ही फुले उमलोत आणि त्यांचा सुगंध देवनारपर्यंत पोहोचो, हीच श्रीचरणी प्रार्थना.