मॉली मलोन: गाडी कुणाची, पुतळा कुणाचा?

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे मॉली मलोन हे नाव लहान पोरालाही ठाऊक असते. ज्या गाण्याने ते पसरले, त्यातली हकीगत थोडकी आहे. आईबाप मासे विकणारे. तीही हातगाडी ढकलत, आरोळी देत गल्लोगल्ली ताजे शिंपले विकते. तापाने मरते. पुढे तिचे भूत तीच गाडी ढकलत राहते. धंदा जन्माने चिकटला आणि मरणानेही सुटला नाही! आपल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मॉली खरोखर होऊन गेली याला पुरावा नाही. लोकगीत म्हणून गायिले जाणारे हे गाणे १८८४ मध्ये लंडनला जेम्स यॉर्कस्टन यांच्या नावावर छापले गेले. तरीही १९८८ साली शहराचा सहस्रकोत्सव साजरा करताना १६९९ मध्ये वारलेल्या एका मेरी मलोनची नोंद पुढे करण्यात आली आणि १३ जून हा मॉलीचा दिवस ठरला. जीन रिनहार्ट यांनी घडविलेला तिचा ब्राँझचा पुतळाही उभा राहिला.

पण त्याच दशकात या शहरातल्या जिवंत फेरीवाल्या बायांमागे परवान्यासाठी पोलिस लागले होते. त्यांच्या बाजूने ओकॉनेल स्ट्रीटवर धरणे धरणारे लोकप्रतिनिधी टोनी ग्रेगरी यांना दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात काढावे लागले. मेलेलीला चौथरा आणि जितीला चौकी, असा हा न्याय.

पुतळ्याचे तरी काय झाले? मॉली दिवसा मासे आणि रात्री शरीर विकी, अशी वदंता आहे. गाण्यात तसे अक्षरही नाही. शिल्पात मात्र तिची चोळी खोल गळ्याची आहे. पर्यटक तिच्या छातीला हात लावून फोटो काढतात. तेवढ्या भागाचा रंग उडून धातू चकाकतो आहे. विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी आवाज उठविल्यावर २०२५ च्या मे महिन्यात महापालिकेला तेथे काही दिवस राखणदार उभे करावे लागले.

रस्त्यावर राबणारी बाई ही सर्वांच्या मालकीची, ही समजूत आपल्याच गावापुरती नाही. प्रस्थापित समाज कष्टकरी बाईला दंतकथा करतो तेव्हा तिचे श्रम आधी पुसतो. उरते ते शरीर. म्हणून लोकनायिकांचा अभ्यास करताना त्या होत्या की नव्हत्या एवढ्यावर थांबू नये. त्यांच्यातले काय जपले गेले आणि काय टाकले गेले, हे विचारावे. मॉलीची गाडी अजून तिच्यापुढेच आहे. तिच्याकडे कुणी पाहत नाही, एवढेच.