आधण चहाचं

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत सकाळचं पहिलं काम एकच असतं: चहाचं आधण ठेवणं. ते चुलीवर, गॅसवर, इंडक्शनवर ठेवलं की केटलमध्ये, यावर इंधन किती जळणार, वेळ किती जाणार आणि धूर कुणाच्या डोळ्यांत जाणार हे ठरतं. रोज दोन-तीनदा होणाऱ्या या कामाकडे म्हणूनच नीट पाहायला हवं.

पाण्याचा हिशोब पक्का आहे. २५ अंश सेल्सिअसचं एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. सरपण असो वा वीज, हा आकडा तोच. फरक पडतो तो एवढी उष्णता पाण्यात पोचवण्यासाठी आपण किती जाळतो याचा.

तीन दगडांच्या चुलीत बहुतेक उष्णता आजूबाजूला निघून जाते. म्हणूनच चुलीला वैल जोडायची रीत पडली. पुढे तव्यावर भाकरी भाजली जात असताना उरलेली धग वैलाखाली जाते आणि तिथं चहाचं पाणी तापतं, त्यासाठी वेगळं सरपण लागत नाही. हे शहाणपण चूल घालणाऱ्या बायकांचं. पण धुराची किंमतही त्यांनीच मोजली. ओलं लाकूड अर्धवट जळतं, काजळी पातेल्याला लागते आणि धूर फुंकणी धरणारीच्या छातीत जातो.

१८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी प्रायमस स्टोव्ह बनवला. त्या धर्तीचे पितळी स्टोव्ह आपल्याकडेही घरोघरी आले. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा पेटवून आधी नळी तापवायची, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीनं जळते. छिद्र बुजलं की पिन मारायची. चुलीच्या मानानं हे काम झटपट होतं, पण आवाज आणि भडक्याची भीती कायम होती.

१९५५ मध्ये बर्मा शेलनं मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. चांगल्या शेगडीत गॅसच्या उष्णतेपैकी दोन तृतीयांश भांड्यात पोचते; त्या हिशोबानं एक लिटर पाणी उकळायला सुमारे दहा ग्रॅम गॅस पुरतो. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर गेली की मात्र गॅस वाया जातो. ज्योत पिवळी दिसली तर गॅस नीट जळत नाही, बर्नर साफ करायला हवा.

विजेच्या केटलमध्ये तापणारा भाग पाण्याला अगदी लागून असतो, त्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. १५०० वॅटची केटल एक लिटर पाणी चार मिनिटांच्या आसपास उकळते. वाफेनं आतली दुहेरी धातूची पट्टी वाकते आणि बटण आपोआप पडतं. म्हणून झाकण उघडं राहिलं तर केटल बंद होत नाही. तिला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट द्यावा. इंडक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचं बूडच तापतं. बुडाला चुंबक चिकटलं तर ते भांडं चालतं. साधं ॲल्युमिनियम चालत नाही. मायक्रोवेव्हमध्ये गुळगुळीत पेल्यातलं पाणी न उकळताच १०० अंशांवर जाऊ शकतं आणि हलवताच उसळून हात भाजू शकतो. पेल्यात आधीच लाकडी चमचा ठेवावा.

पाणी आणि जागा यांचाही हिशोब असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच असल्यानं तिथं पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. उकळताना ते केटलच्या तळाशी पांढरा थर धरतात, चहावर साय दिसावी तसा पातळ पापुद्राही येतो. लिंबाचा रस घातलेलं पाणी उकळून थोडा वेळ तसंच ठेवलं की थर सुटतो.

आठव्या शतकातले चिनी चहातज्ज्ञ लू यू यांनी उकळीच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, मग काठानं उठणाऱ्या मोत्यांच्या माळा, मग लाटा. ग्रीन टीला ७०-८० अंश पुरतात, म्हणजे तळाशी बुडबुडे धरू लागले की गॅस बंद करावा. आपल्या दाणेदार सीटीसी चहाला मात्र खळखळतं पाणीच लागतं.

इंधन वाचवायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाणी एकदा उकळलं की आच वाढवून ते आणखी तापत नाही, फक्त वाफ होऊन उडतं. १०० मिलिलिटर पाणी असं उडायला जितकी उष्णता लागते, तितक्यात ७०० मिलिलिटर गार पाणी उकळीला येईल. म्हणून जितके कप चहा, तितकंच पाणी मोजून घ्यावं, वर झाकण ठेवावं आणि उकळी फुटताच आच मंद करावी. यासाठी नवी शेगडी लागत नाही. घरात चूल असो वा इंडक्शन, उद्या सकाळपासूनच हे करता येईल.