साथीला एक पेटी की दोन?

गणेशोत्सवापासून ग्वाल्हेरात गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांची जी वर्दळ सुरू होते, ती डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी भरणाऱ्या समारोहापर्यंत काही थांबत नाही. मोठ्या कलावंतांचे सोडा. परंतु मंडळांतून, शाळांतून, लग्नसमारंभांतून साथ करणाऱ्या हौशी आणि अर्धहौशी वादकांच्या घरी या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. व्यासपीठावर एक कीबोर्ड घेऊन बसावे, की एकावर एक असे दोन मांडावेत? प्रश्न वरवर पाहता केवळ खरेदीचा वाटतो. वस्तुतः तो वादकाच्या दोन हातांनी काय करावयाचे याचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो फार जुना आहे.

मी शाळामास्तर आहे. संगीत हा माझा पेशा नव्हे. शाळेचे संमेलन, चर्चमधील गायकवृंद आणि अधूनमधून नाट्यगीतांचा एखादा कार्यक्रम, एवढ्यापुरताच माझा या वाद्याशी संबंध. तेव्हा उस्तादाच्या अधिकाराने नव्हे, तर मधल्या पायरीवरील माणसाच्या अनुभवाने मी बोलणार आहे.

ग्वाल्हेरच्या माणसाने पेटीविषयी बोलताना भैया गणपतरावांचे नाव प्रथम घ्यावे. येथील राजघराण्याशी नाते असलेल्या या कलावंताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ठुमरीच्या अंगाने पेटी अशी वाजवून दाखविली की, परदेशातून आलेल्या या खोक्याला मैफलीत मानाची जागा मिळाली. पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास ज्याला हार्मोनियम हे नाव दिले, ते वाद्य पायाने भाता मारण्याचे होते. वादक खुर्चीवर बसे आणि त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर असत. आपल्याकडे मात्र कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी त्याचे पाय काढून टाकले, भाता मागच्या बाजूस आणला आणि पेटी जमिनीवर, गायकाच्या मांडीला मांडी लावून बसविली. या बदलात एक हात खर्ची पडला. डावा हात भात्यावर गेला आणि सुरांसाठी उजवा तेवढा उरला.

हा तोटा झाला असे पाश्चात्य वादकाला वाटेल. मला तसे वाटत नाही. भात्यावरचा हात रिकामा नसतो. गायकाचा आवाज हलका झाला की भाता हलका होतो, त्याने समेवर जोर दिला की वाराही भरून येतो. चांगल्या साथीदाराचा श्वास त्याच्या डाव्या हातात असतो म्हणा ना. शिवाय एकाच हाताने सूर भरदार कसा करावा, यावर आमच्या कारागिरांनी जो तोडगा काढला तो पट्ट्यांची दुसरी रांग लावण्याचा नव्हता. त्यांनी त्याच पट्टीखाली सुरांचे दोन किंवा तीन संच बसविले. त्यांनाच खर्ज, नर आणि मादी म्हणतात. खुंटी ओढली की एकाच पट्टीतून दोन-तीन आवाज मिळून निघतात, आणि कपलर जोडला की दाबलेल्या पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातील तोच सूर आपोआप बोलू लागतो. कार्यक्रमाला जोडसुरांची पेटी आणा असे सांगितले तर आजही याच प्रकारची पेटी येते. रांग एक आणि आवाज अनेक, हा उपाय इतका पक्का ठरला की शंभराहून अधिक वर्षे त्यात मूलभूत फरक करण्याची गरज कोणास भासली नाही.

मराठी रंगभूमीने दुसरा मार्ग चोखाळला. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्या साथीत पायाने चालणाऱ्या ऑर्गनने जे स्थान मिळविले, ते जुन्या रसिकांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. नाट्यगृह मोठे, ध्वनिवर्धक नाही, तेव्हा सुराला अखंड आणि भरीव आधार हवा होता. पायांनी वारा मिळाल्यामुळे डावा हात मोकळा झाला आणि खालच्या सप्तकात तो स्वर धरून राहू लागला. परंतु येथेही पट्ट्यांची रांग एकच होती. डाव्या हाताने खालचा प्रदेश घ्यावा, उजव्याने वरचा घ्यावा, मध्ये कोणी कोणाच्या वाटेत येऊ नये, एवढी समजूत त्या दोन हातांत असली की नाट्यपदाला ती पुरे.

मग दोन रांगा मुळात आल्या कोठून? युरोपातील चर्चच्या मोठ्या ऑर्गनमधून आणि त्या काळच्या हार्पसिकॉर्ड या तंतुवाद्यातून. चर्चच्या ऑर्गनमध्ये दोन, तीन, कधी अधिकही रांगा एकीवर एक असतात. प्रत्येक रांगेला नळ्यांचा आपला संच असतो, आणि बहुधा एका रांगेच्या नळ्या झडपांच्या पेटाऱ्यात बंद असतात. पायाने त्या झडपा उघडल्या की आवाज फुगतो, मिटल्या की मावळतो. गायकवृंद गात असताना वादक चाल खणखणीत रांगेवर वाजवितो आणि तिचा आधार मंद रांगेवर ठेवतो. एक कडवे मोठ्याने आणि पुढचे हळू वाजवावयाचे असेल तर हात एका रांगेवरून दुसरीवर नेला की झाले. खुंट्या ओढत बसण्यात क्षणही जात नाही. १७४१ साली प्रसिद्ध झालेल्या बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सच्या मुखपृष्ठावरच ही रचना दोन रांगांच्या वाद्यासाठी आहे असे छापलेले होते. तिच्या काही भागांत दोन्ही हात एकाच सप्तकात फिरतात आणि एकमेकांना ओलांडून जातात. पियानोच्या एका रांगेवर ते भाग वाजवावयाचे तर बोटे बोटांवर आदळतात. म्हणजे दुसऱ्या रांगेची खरी गरज कोठे लागते हे येथे स्पष्ट दिसते. दोन निरनिराळे आवाज एकाच वेळी एकाच सप्तकात हवेत, किंवा आवाज क्षणाचाही खंड न पडता बदलावयास हवा, तेथेच ती लागते.

आता आजच्या विजेच्या कीबोर्डाकडे वळू. बाजारात साधारणपणे एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड मिळतो. एकसष्ट पट्ट्या म्हणजे पाच सप्तके. त्यात एक सोय असते तिला स्प्लिट म्हणतात, म्हणजे रांगेच्या मध्ये जणू भिंत घालावयाची. भिंतीच्या डावीकडे व्हायोलिनसमूहाचा आवाज, उजवीकडे बासरीचा. दुसरी सोय लेयरची. तीत एकाच पट्टीतून दोन आवाज निघतात. ही दुसरी सोय म्हणजे आमचा खर्ज-नरच होय, फक्त विजेवर चालणारा. आता हिशेब करून पाहा. बहुतेक गायक मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत, म्हणजे दोन सप्तकांत गातात. गायिका काळी चारमध्ये गात असो वा गायक पांढरी एकमध्ये, उजवीकडे तीन सप्तके ठेवली तर साथीला ती पुरतात, आणि डावीकडील दोन सप्तकांत आधारस्वर धरून ठेवता येतो. तेव्हा साथीपुरते बोलावयाचे तर दुसरा कीबोर्ड घेण्याचे कारण या हिशेबात मला तरी सापडत नाही.

उलट एक मोठे नुकसान आहे, आणि विक्रेता ते सांगत नाही. कीबोर्डाच्या डाव्या टोकाला बहुधा एक लहान चक्र असते. ते फिरविले की सूर किंचित वर वा खाली सरकतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. तिच्या मागे जी कारणे होती त्यांत पेटीचे सूर ठोकून बसविलेले, त्यांतून मींड निघत नाही, हे एक प्रमुख होते. १९७१ मध्ये ती बंदी साथीपुरती शिथिल झाली. ज्या माध्यमातून आपण पेटीची ही गोष्ट ऐकत आहात, त्याच माध्यमाने तिला तीस वर्षे दाराबाहेर ठेवले होते, ही गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. असो. पेटीला जे साधत नव्हते ते या चक्राने थोडेफार साधते. परंतु ते फिरविणार कोण? डावा हात! तोच डावा हात दुसऱ्या कीबोर्डावर गुंतविला की मींड गेली, आवाज लहानमोठा करण्याचे बटण गेले आणि पानही उलटता येईनासे झाले. भात्यावरून सुटलेला हात पुन्हा गुंतवून आपण काय मिळविले, याचा विचार करावयास हवा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. बारावी झाल्यावर हा मुलगा लग्नांतून आणि मंडळांतून वाजवू लागला. एका दुकानदाराने त्याच्या मनात भरवून दिले की दोन मजली मांडणीशिवाय कोणी कामास बोलावीत नाही. घरची परिस्थिती बेताची. धाकट्या बहिणीच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोडून दुसरा कीबोर्ड आणावा असे बोलणे सुरू झाले, आणि वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. मी त्याला त्याच्या कार्यक्रमातील दहा गाण्यांचा कागद करावयास सांगितला. प्रत्येक गाण्यात डावा हात काय करतो आणि आवाज केव्हा बदलतो, एवढेच त्यात लिहावयाचे होते. सात गाण्यांत डावा हात स्वर धरून होता. दोन गाण्यांत स्प्लिटने काम भागत होते. राहिले एक. त्यात पियानोची दोन्ही हातांची गत चालू असतानाच मध्यभागी बासरीचा तुकडा येत होता, आणि तेथे खरोखरच दुसरी रांग हवी होती. तो तुकडा त्याच्या एका मित्राने साध्या पेटीवर वाजविला. शिकवणीचे पैसे शिकवणीलाच गेले.

पेटीवर मित्र बसविणे ही कोणास तडजोड वाटेल. चित्रपटसंगीतात याचे मोठे उदाहरण आहे. १९५४ च्या नागिन चित्रपटातील पुंगीचा आवाज ऐकून अनेकांना ती खरी पुंगी वाटली. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या नव्या विजेच्या वाद्यावर वाजविली होती आणि जोडीला रवी पेटीवर होते. पट्ट्यांच्या दोन रांगा होत्याच, पण माणसेही दोन होती. एका वादकाने दोन वाद्ये सांभाळण्यापेक्षा दोन वादकांनी एकमेकांना सांभाळणे हे मला अधिक संगीताचे वाटते. अर्थात मानधन दोघांत वाटावे लागते, आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याला ही गोष्ट सोपी नाही, हेही मी जाणतो.

तरीही दोन कीबोर्ड ज्यांना खरोखर हवेत असे वादक आहेतच. चित्रपटगीतांचा वाद्यवृंद एकट्याच्या बळावर उभा करणारा वादक, पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर दोन्ही हातांनी वाजवून मध्येच दुसरा आवाज देणारा, किंवा संगीत नाटकाच्या प्रवेशाप्रवेशांत झपाट्याने आवाज बदलणारा. कमी किमतीच्या कित्येक कीबोर्डांवर आवाजाचे बटण बदलताच आधीचा सूर तुटतो, आणि शांत प्रवेशात तो तुटलेला सूर मागच्या रांगेपर्यंत जाणवतो. तेथे दुसऱ्या कीबोर्डावर आवाज तयार ठेवणे शहाणपणाचे आहे. अशा वादकांनीही दोन पूर्ण किमतीचे कीबोर्ड घ्यावेतच असे नाही. १९८३ पासून मिडी नावाची एक व्यवस्था रूढ आहे. तिच्यामुळे एका कीबोर्डावर बोटे ठेवून दुसऱ्यातील आवाज काढता येतो. म्हणजे वरच्या मजल्यावर स्वतःचा आवाज नसलेली, नुसत्या पट्ट्यांची स्वस्त रांग ठेवली तरी चालते. मात्र खरेदीपूर्वी आपल्या कीबोर्डाच्या पाठीमागे मिडीचे गोल छिद्र आहे की नाही ते पाहावे. अलीकडच्या अनेक स्वस्त कीबोर्डांना केवळ संगणकास जोडावयाची यूएसबीची जागा असते, आणि तीतून दोन कीबोर्ड एकमेकांशी थेट बोलत नाहीत.

व्यासपीठावरील काही अडचणी कागदावर दिसत नाहीत. आमच्या बैठकीत पेटीवाला बहुधा गायकाच्या डाव्या हाताला बसतो. गायकाचे तोंड, मान आणि हाताची बोटे त्याला दिसतात, तान कोठे वळणार याची चाहूल त्याला तेथूनच लागते. दोन मजली स्टँड उभा केला की वादक खुर्चीवर जातो, गायक खाली सतरंजीवर राहतो आणि मध्ये लोखंड येते. दोन कीबोर्ड म्हणजे तारांचे दोन जोड. त्यांतला कोणता आवाज किती मोठा ठेवावयाचा हे मग वादकाच्या हाती न राहता ध्वनिक्षेपकवाल्याच्या हाती जाते, आणि तो बहुतेक वेळा चहा घेत असतो. दुसऱ्या कीबोर्डाचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. पहिला बंद पडला तर कार्यक्रम अडत नाही. पण वीज गेली तर दोन्ही एकदम मुके होतात. म्हणून मंडळांनी दुसऱ्या कीबोर्डासाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी कोपऱ्यात धूळ खात पडलेली आपली जुनी पेटी दुरुस्त करून घ्यावी असे मी सुचवीन.

कीबोर्ड आणि पेटी एकत्र वाजणार असतील तर कार्यक्रमापूर्वी दोन्हींचा षड्ज मिळवून घ्यावा. पेटीचे सूर पितळेचे, ते जेथे बसले तेथे बसले. एक वाद्य सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरे ४४२ वर असले तर सेकंदाला दोन वेळा सूर हेलकावतो आणि गायकाला कोणता षड्ज धरावा ते कळेनासे होते. तेव्हा पेटीला हात न लावता कीबोर्डाची ट्यूनिंगची सोय उघडावी, आणि पेटीचा सूर धरून ठेवून ते हेलकावे थांबेपर्यंत कीबोर्ड थोडा थोडा सरकवीत न्यावा. हे काम सभागृह भरण्याच्या आधी, पंखे बंद करून करावे.