पटावर 17

जून उजाडला की जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांचे शिक्षक वाडीवस्तीवर घरोघर फिरू लागतात. अंगणवाडीतून यंदा किती मुलं बाहेर पडणार, कुणाचं बिऱ्हाड पुण्याला हललं, कुणाच्या धाकट्याला सहावं लागलं, ही यादी त्यांना तोंडपाठ असते. पाचशे मुलांच्या शाळेत एखादं मूल कमी झालं तर फारसा फरक पडत नाही. पटावर 17 मुलं असतील, तर एकच दाखला निघाला तरी गुरुजींच्या जिवाला घोर लागतो. शिक्षक किती मिळणार, अनुदान किती येणार, खिचडी शिजवायला एक ताई की दोन, शाळा पुढे राहणार की नाही, या सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यावरून मांडला जातो.

अशा शाळा महाराष्ट्रात थोड्याथोडक्या नाहीत. 2023 साली शासनाने 20 किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा मोजल्या, तेव्हा त्या पावणेपंधरा हजारांच्या घरात निघाल्या. त्यांत शिकणारी मुलं होती पावणेदोन लाखांहून अधिक. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या, कोकणातल्या लांब लांब विखुरलेल्या वस्त्या, मेळघाट-नंदुरबारचे पाडे, मराठवाड्यातले तांडे इथे शाळा म्हणजे बहुतेक वेळा दोन खोल्या, एक व्हरांडा, ध्वजस्तंभ आणि कडेला स्वयंपाकाची शेड.

या दोन खोल्यांना इतिहास आहे. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. पुढे 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ‘खडू-फळा’ योजना निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक बाई, असा तिचा आग्रह होता. त्याआधी देशातल्या असंख्य शाळा एका खोलीत, एका शिक्षकावर चालत. नंतर शाळा नसलेल्या वस्त्यांवर वस्तीशाळा उघडल्या आणि कालांतराने त्या नियमित शाळांत सामावल्या. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि जवळची शाळा हा मुलाचा हक्क झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. शिक्षकांचं प्रमाणही कायद्याने ठरवलं: 60 मुलांपर्यंत दोन, 90पर्यंत तीन. म्हणून पट 17 असो की 57, कायद्याच्या हिशेबाने शिक्षक दोनच.

इयत्ता मात्र चार असतात. छोट्या शाळेतलं शिकवणं समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

सकाळी मुलं येतात ती हातात झाडू घेऊनच, असं पूर्वी म्हटलं जाई. आता अनेक ठिकाणी पालक किंवा ग्रामपंचायतीचा माणूस आवार झाडून देतो, पण फळ्यावर तारीख, वार आणि सुविचार लिहिण्याचा मान अजून मुलांचाच. मग परिपाठ. राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, पाढे, एखादी गोष्ट. ज्या शाळेत चौथीत मोजून तीनच मुलं आहेत, तिथे प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा तरी सर्वांसमोर उभं राहून बोलावंच लागतं. मागे लपायला जागा नसते. मोठ्या शाळेतलं लाजरं मूल वर्षभर गप्प राहू शकतं, इथे ते ऑगस्टपर्यंत बोलतं होतं. छोट्या शाळेचा हा गुण कुठल्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही, आणि तिची बाजू मांडताना तोच आधी सांगायला हवा.

परिपाठानंतर बाई पहिली-दुसरी घेतात, गुरुजी तिसरी-चौथी. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला गप्प बसवून ठेवायचं, ही जुनी रीत. त्यात निम्मा दिवस वाया जायचा. जाणते शिक्षक आता एकच विषय सगळ्या इयत्तांना पुरवून वापरतात. लांबी मोजण्याचा तास घ्या. एक दोरी व्हरांड्यात पसरली जाते. पहिलीची मुलं दोन दोऱ्या शेजारी धरून लांब कोणती, आखूड कोणती ते सांगतात. दुसरीची मुलं तीच दोरी वितीने मोजतात, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि भांडण जुंपतं. वीत कुणाची मोठी, कुणाची लहान, मग खरं उत्तर कोणतं? ते भांडण मिटवायला तिसरीची मुलं मीटरपट्टी घेऊन येतात. चौथीची मुलं खोलीच्या चारी भिंती मोजून परिमिती काढतात आणि दोरी किती कमी पडेल ते फळ्यावर मांडतात. दुसरीतल्या मुलाला तिसरीचं निम्मं असंच ऐकून समजतं, आणि तिसरीतल्या मुलीला धाकट्याला समजावताना स्वतःचं पक्कं होतं. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या शिक्षकांनी आसपासच्या खेड्यांतल्या शाळांसाठी अशीच बहुवर्ग पद्धत बारकाईने उभी केली. तिथे प्रत्येक मूल आपापल्या पायरीवरून कार्डं घेऊन पुढे जातं. ती पद्धत पुढे इतर राज्यांतल्या सरकारी शाळांनीही उचलली.

हे सगळं साधतं ते दोन्ही शिक्षक हजर असतील तेव्हा. कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. पण निवडणुकाच एकामागून एक येतात. एकजण मतदार यादीच्या कामावर, दुसऱ्याला केंद्रावर शिक्षण परिषद, अशी तारीख जुळून आली की चारी इयत्तांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. त्यात भर माहितीची. यू-डायसचा अर्ज, सरल प्रणाली, आधारची पडताळणी, शालार्थवरची वेतनबिलं, पोषण आहाराची रोजची नोंद, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तातडीचे’ म्हणून येणारे तक्ते. 17 मुलांच्या शाळेला भरावे लागणारे तक्ते 700 मुलांच्या शाळेइतकेच असतात, पण इथे कारकून नाही, शिपाई नाही. वाडीत नेटवर्क नसेल तर गुरुजी मोबाइल घेऊन टेकाडावर जातात. वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालंच पाहिजे, असं तोच कायदा सांगतो. हे तास कुठे गळतात याचा शोध वरच्या कार्यालयांनी मनापासून घेतला पाहिजे.

दुपारचं जेवण हा दिवसाचा मध्य. 1995 साली केंद्राने ही योजना सुरू केली, तेव्हा बहुतेक राज्यांत कोरडा तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001मध्ये शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, म्हणून आज ताटात गरम खिचडी पडते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं गणित आहे. 17 मुलांचे तांदूळ पावणेदोन किलोही भरत नाहीत.

ताई साडेदहाला येतात. तांदूळ पाखडून, निवडून, तीनदा धुवून ठेवतात. मटकी आदल्या दिवशी भिजत घातलेली असते. हजेरी झाली की एक मुलगा शेडच्या दारात येऊन आजचा आकडा सांगतो, त्याप्रमाणे माप पडतं. फोडणीचा वास वर्गात गेला की पहिलीतली मुलं अधूनमधून दाराकडे बघू लागतात. वाढण्याआधी शिक्षकाने आणि शक्य तर एखाद्या पालकाने अन्न चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची, हा नियम आहे. तो कागदापुरता राहू नये, कारण विषबाधेची शक्यता तिथेच रोखली जाते. परसबागेतली मेथी किंवा कढीपत्ता त्या दिवशी खिचडीत पडला, तर तो कुणी लावला याची चर्चा पंगतीत होते. जात-घर विसरून एका ओळीत बसून एकाच पातेल्यातलं खाणं, ही या योजनेची कॅलरीत न मोजता येणारी कमाई आहे.

त्या ताईंना महिना 2500 रुपये मानधन मिळतं, तेही वर्षातले 10 महिने. 2023 पूर्वी ते 1500 होतं. पट 25पर्यंत असेल तर एकच स्वयंपाकी मंजूर होते, म्हणजे निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं सगळं एकीवर. भाजी आणि इंधनाचे पैसे मागाहून येतात, तोवर मुख्याध्यापक पदरमोड करतात. नोव्हेंबर 2023 पासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी 2025मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. ज्या वाडीत घरी दूध-अंडं क्वचितच पोटात जातं, तिथल्या मुलांकडून ते एक अंडं काढून घेणं हा चुकीचा निर्णय होता.

वरून येणारे निर्णय वाडीत कसे उतरतात याचं गणवेश हे चांगलं उदाहरण. गावातल्या शिंप्याकडून माप घेऊन कपडे शिवायचे, ही शाळा व्यवस्थापन समितीची पद्धत होती. 2024-25मध्ये राज्यभर एकच कापड आणि एकच शिलाई अशी योजना आली. गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा समितीकडे आलं. शाळेच्या वार्षिक अनुदानाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेत 30पर्यंत पट असलेल्या शाळेला 10 हजार रुपये मिळतात. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता हे सगळं त्यातच. छप्पर 17 मुलांचं असलं म्हणून पाऊस कमी गळत नाही. दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी 1992 साली रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला होता. तीन दशकं उलटली तरी तो रुपयाच राहिला.

या शाळांचं पुढे काय करायचं, यावर दोन मतं आहेत. 2017च्या अखेरीस राज्याने 10पेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठवायचं ठरवलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. सप्टेंबर 2023मध्ये शिक्षण आयुक्तालयाने ‘समूह शाळा’चे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्यासाठी दाखवलेली उदाहरणं. आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं एका सुसज्ज शाळेत आणायची, तिथे इयत्तावार शिक्षक, ग्रंथालय, खेळाचं मैदान, बरोबरीचे सवंगडी मिळतील, असा त्यामागचा विचार. हे लाभ खरे आहेत. तिसरीत एकटीच असलेल्या मुलीला मैत्रीण हवी असते, कबड्डीचा संघ सात जणांशिवाय उभा राहत नाही.

पण मुळशी, वेल्हे, महाबळेश्वरच्या बाजूला जुलैत जाऊन पाहावं. नकाशावर दीड किलोमीटर दिसणाऱ्या वाटेत ओढा असतो, त्याला पाणी आलं की पलीकडची वाडी दोन दोन दिवस तुटते. अशा मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, वर्षाला मुलामागे 6 हजार रुपयांपर्यंत. ज्या वाटेवर जीपच चढत नाही तिथे भत्ता काय करणार? सहा वर्षांची मुलगी धुक्यातून एकटी जायची म्हटलं की घरचे तिला घरी ठेवतात, आणि एकदा घरी राहिलेली मुलगी भावंडं सांभाळू लागते. मोठ्या मुलांसाठी समूह शाळा जरूर उभ्या कराव्यात. पहिली ते चौथीची शाळा मात्र चालत जाण्याच्या अंतरावरच हवी, मग पट 17 असो की 7.

छोटी शाळा म्हणजे कमी दर्जाची शाळा हा समज तर खुद्द महाराष्ट्रानेच खोटा ठरवला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी ही अशीच वाडीवरची शाळा. तिथल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांना गोष्टी, चित्रफिती, प्रश्न उपलब्ध करून दिले. डिसेंबर 2020मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शिक्षकांनी फरश्यांवर आकृत्या रंगवल्या, बिया, काड्या, खडे घेऊन मुलांना स्वतः शिकू दिलं. ते पाहायला राज्यभरातले शिक्षक तिथे जाऊन आले. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. 2025मध्ये त्या जिल्हा परिषद शाळेने जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळवला. या सगळ्यांत गाव शाळेमागे उभं राहिलं, ही गोष्ट समान आहे.

गावाला तसं उभं राहण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम. अनेक ठिकाणी बैठक मजुरी बुडते म्हणून दुपारी भरत नाही. मग काही शाळा ती संध्याकाळी, जनावरं बांधून झाल्यावर, शाळेच्याच व्हरांड्यात घेतात. तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी कुठून आणायचं, चौथी पास झालेल्यांनी पाचवीला कुठे जायचं, ऊसतोडीला जाणाऱ्या दोन घरांतली पोरं आजीकडे ठेवून घेता येतील का, की हंगामी वसतिगृहासाठी अर्ज करायचा, हे विषय निघतात. ठराव गुरुजी लिहून घेतात, वाचून दाखवतात, आणि ज्यांना सही येत नाही त्या आजींचा अंगठा चौथीतली नात शाईच्या पॅडवर धरून देते.