भवानी झाली का, मावशी?

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे 'भवानी' म्हणतात. तुळजाभवानीचा जिल्हा आपला, त्यामुळे हा शब्द कसा अगदी घरचा वाटतो. बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर गेलं की हमखास ऐकू येतं, "ताई, भवानी व्हायचीय अजून, घ्या की एक वाटा!" हातात पडलेली पहिली नोट मावशी कपाळाला लावते, मग कमरेच्या पिशवीत टाकते. आता बऱ्याच जणींच्या पाटीला स्कॅनरचा कागदही टेकवलेला असतो. स्कॅनरचे पैसे कपाळाला कसे लावायचे, असं एकीला विचारलं तर ती मोबाइलच कपाळाला लावून मोकळी झाली!

आठवडी बाजार म्हणजे नुसतं माळवं नव्हे. अंबाडी, तांदूळजा, पाथरी, गावरान लसूण, हुलगे, कारळं, शेंगदाण्याची चटणी, एका कडेला सुया-दोरे, बांगड्या, केरसुण्या. पलीकडे जनावरांचा बाजार. आपली उस्मानाबादी शेळी, काळीभोर, दुष्काळात तग धरणारी आणि बहुतेकदा जुळी देणारी, अनेक घरांत बाईच्याच जिवावर वाढते. पण सौदा रुमालाखाली बोटं धरून पुरुष करतात आणि ती दावं हातात घेऊन बाजूला उभी. मला हे कधीच पटलं नाही.

बाजाराची ही हौस आपल्याकडे फार जुनी आहे बरं का. तेर गाव गोरोबाकाकांमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण पूर्वी त्याचं नाव तगर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात लिहिलंय, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जातं. तिथून ते समुद्रापार जायचं.

समुद्रापारही असे बाजार भरतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी अॅमस्टरडॅमला असते. तिने तिथल्या अल्बर्ट काउप बाजाराचे फोटो पाठवले. हा बाजार 1905 पासून भरतो, एका रस्त्यावर अडीचशेच्या वर दुकानं, रविवार सोडून रोज. चीज, मासे, फुलं, कापडाचे तागे, आणि तशीच आरडाओरड! फोटो बघून आमच्या गटातल्या एकीने विचारलं, "तिथल्या बायका लघवीला कुठं जातात?" सगळ्या हसल्या, पण मग सगळ्याच गप्प झाल्या.

कारण प्रश्न तोच आहे. पहाटे पाचला गाव सोडून आलेली बाई संध्याकाळी सहापर्यंत उन्हात बसते आणि मुद्दाम पाणी पीत नाही. पाणी प्यायलं तर जायचं कुठं? आमच्या तालुक्याच्या बाजारात बायकांसाठी धड आडोसासुद्धा नाही. तहबाजारीची पावती मात्र न चुकता फाडली जाते. उन्हाळ्यात लघवीच्या जळजळीने हैराण झालेल्या तिघी-चौघींना मी स्वतः दवाखान्यात नेलं आहे.

म्हणून हा कायदा सांगावासा वाटतो. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली केंद्राचा कायदा झाला. नगरपालिका आणि नगरपंचायतीच्या गावांना तो लागू आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते. तिच्यात निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेते आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका हव्यात. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करायची असते. जागेवरून उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नासका माल मागणी केल्यावर त्याच दिवशी, टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत परत करायचा, अर्थात दंड भरून. आणि पन्नास वर्षांहून जुना बाजार असेल तर त्याला वारसा बाजार जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्यात आहे. आपल्याकडचे कितीतरी बाजार आजी-पणजीच्या काळापासून त्याच जागी भरताहेत!

अडचण अशी, की आठवड्यातून एकदाच येणारी खेड्यातली बाई पाहणीच्या दिवशी गावातच असते. मग तिचं नाव यादीत येतच नाही. यादीत नाव नाही तर ओळखपत्र नाही, आणि मग समितीत तिचं कोण ऐकणार? म्हणून पाहणी बाजाराच्या दिवशीच करा आणि बाजारात बायकांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह बांधा, असे दोनच मुद्दे आम्ही अर्जात लिहिले. सह्या गोळा करायला बसलो तर अंगठेच जास्त निघाले. एक आजी म्हणाल्या, "बाई, माझा अंगठा दोनदा घे, सुनेचा बी एक लाव." तसं चालत नाही म्हटल्यावर पुढच्या बाजाराला त्या सुनेलाच घेऊन आल्या.

तुमच्या गावात असा अर्ज द्यायचा असेल तर दोन प्रती करा. एक मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.